जलरंगातलं चित्र पुस्तकात पोचतं तेव्हा

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्या दप्तरातलं बालभारतीचं पुस्तक काढा आणि आतल्या एखाद्या रंगीत चित्रावर भिंग धरा. तिकिटं जमवणाऱ्यांकडे असतं तसलं जाड भिंग मिळालं तर उत्तम. हिरवं शेत बघता बघता विरून जातं आणि पिवळ्या-निळ्या ठिपक्यांची रांगोळी उरते. मुलीचा गाल म्हणजे पांढऱ्या कागदावर विरळ पसरलेले गुलाबी आणि पिवळे ठिपके. चित्रकाराने असे ठिपके काढले नव्हते. त्याने ब्रश पाण्यात बुडवून सलग रंग फिरवला असेल. त्याचं टेबल आणि आपलं पुस्तक यांच्यामध्ये बरंच काही घडून गेलेलं असतं. मुलांच्या पुस्तकांतल्या ज्या जलरंगातल्या चित्रांना जग आज अभिजात म्हणतं, त्यांचा रंग, त्यांची रेघ, इतकंच काय त्यांचा तो धुकट तपकिरीपणाही या मधल्या भागात ठरला आहे. चित्रकार मूळ कागदावर रंगवत होता, पण त्याचा डोळा छपाईवर होता.

हे समजून घ्यायला आर्थर रॅकहॅमइतका सोयीचा चित्रकार नाही. नाव ओळखीचं वाटणार नाही, चित्रं मात्र कुठे ना कुठे डोळ्याखालून गेलेली असतात. मुळं पायांसारखी पसरलेली जुनी झाडं, खोडाच्या गाठीत दडलेला म्हातारा चेहरा, पानाएवढ्या पऱ्या आणि सगळ्यावर चहाच्या पाण्यासारखा पिवळट रंग. जन्म लंडनचा, १८६७चा. दिवसा विमा कंपनीत कारकुनी आणि संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग, अशी सुरुवात. आपल्याकडच्या कितीतरी चित्रकारांची गोष्ट अशीच सुरू होते, फक्त विमा कंपनीच्या जागी शाळा किंवा जिल्हा परिषद घालायची.

आधी जलरंगाचं बघू. आपल्या मुलांचा रंगाशी पहिला गंभीर संबंध एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे येतो आणि तिथे बहुतेकांच्या हातात पोस्टर कलर असतो. पोस्टर कलर झाकतो. खालचं चुकलं की वर दुसरा थर, पांढरा हवा असेल तर पांढऱ्याची बाटली. जलरंगाची रीत याच्या बरोबर उलट. यात रंगाचे अतिशय बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा डिंक असतो, आणि वाळलेला थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे चित्राला उजळवतो तो कागद. म्हणूनच जाणकार जलरंगवाला पांढरा रंग सहसा वापरत नाही. ढग, दात, पाण्यावरची चमक, जे पांढरं हवं तिथे तो कागद राखतो, आणि हे पहिला ब्रश टेकवायच्या आधी ठरवावं लागतं. एकदा त्या जागेवर गडद रंग गेला की ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो, पण पहिला कोरा कागद परत मिळत नाही.

थर वाळतो कसा, यावरही सगळं अवलंबून असतं. कागदावरच्या ओल्या डबक्यात कडेचं पाणी आधी उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना रंगाचे कण ओढून नेतं. म्हणून वाळल्यावर कडेला गडद काठ दिसतो. हा काठ कुठे पडू द्यायचा आणि कुठे ओल्यातच पुसून टाकायचा, हे हाताला कळायला वर्षं जातात. त्यात आपला जिल्हा कुठला यानेही फरक पडतो. जुलैत पाचगणीला कागद तासन् तास दमट राहतो आणि रंग एकमेकांत शिरत राहतात. एप्रिलच्या दुपारी सांगलीत आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, निम्म्यावर आला नाही तोच वरचा काठ वाळून बसतो.

रॅकहॅम आधी पेन्सिलीने आकार मांडत. मग निबने काळ्या शाईची रेघ. ही शाई पाण्याला दाद न देणारी हवी, आणि ती तशी व्हायची लाखेमुळे. काजळीत लाखेचं पाणी मिसळलेलं असलं की वाळल्यावर वरून कितीही ओला ब्रश फिरवा, रेघ पसरत नाही. रेघ पक्की झाली की पातळ रंगाचे थर, एक वाळला की दुसरा. झाडाची साल, सुरकुत्या, पंखांवरच्या शिरा हे सगळं रेघ सांगते. रंगाच्या वाट्याला उरते ती फक्त हवा, म्हणजे संध्याकाळ झालीय की नाही, धुकं आहे की नाही. कामाची ही वाटणी केवळ आवडीची नव्हती, आणि त्यामागचं कारण छापखान्यात सापडतं.

रॅकहॅमच्या आधीच्या पिढीची अडचण बघा. ॲलिस नावाच्या लहान मुलीची सशाच्या बिळातली जगप्रसिद्ध गोष्ट १८६५मध्ये पहिल्यांदा छापली गेली, तिची चित्रं जॉन टेनियल यांची. ही ४२ चित्रं छापायची तर ती लाकडाच्या ठोकळ्यावर कोरावी लागत. चित्रकाराच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरक्या काढून टाकणार, उरलेल्या उंचवट्याला शाई लागणार आणि ती कागदावर उमटणार. हे काम डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्याने केलं आणि फार सुरेख केलं. तरी छापून आलेली रेघ शेवटी कोरक्याच्या हातातली होती. त्यात पहिल्या २००० प्रतींच्या छपाईवर टेनियल इतके नाराज झाले की ती आवृत्तीच मागे घ्यावी लागली.

रंगीत चित्रांना तर आणखी माणसं मध्ये यायची. आपल्या आजीच्या देवघरातलं रविवर्मा छापखान्याचं लक्ष्मीचं चित्र आठवा. मुंबईत १८९४मध्ये सुरू झालेल्या त्या छापखान्यात छपाई दगडावरून होई, प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड असे आणि कुठल्या दगडावर काय येणार हे कसबी कारागीर हाताने ठरवून काढत. ठसठशीत रंगांना ही पद्धत झकास होती. पण जलरंगातली, निळ्यातून करड्यात कधी गेली ते कळू नये अशी छटा? ती कारागिराला पुन्हा नव्याने रचावी लागायची.

एकोणिसावं शतक संपता संपता कॅमेऱ्याने या मधल्या माणसाला बाजूला केलं. या पद्धतीचं नाव तिरंगी हाफटोन, आणि हा भाग जरा सावकाश वाचावा लागेल.

मूळ चित्राचे तीन फोटो काढायचे, तीन वेगवेगळ्या रंगीत काचांमधून. निळसर काचेतून पाहिलं की पिवळ्या जागा काळ्या पडतात, कारण पिवळ्यातून येणारा उजेड ती काच अडवते. म्हणजे त्या फोटोवरून चित्रात पिवळा कुठे आणि किती आहे याचा नकाशा मिळाला. हिरव्या काचेतून तसाच लालचा नकाशा मिळतो, तांबड्या काचेतून निळ्याचा. आता नवी पंचाईत. छापयंत्राला 'फिका' कळत नाही. शाई लागते किंवा लागत नाही, अर्धी शाई असा प्रकार नाही. म्हणून कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या बारीक रेघा आखलेली काच बसवायची, तिला स्क्रीन म्हणतात. तिच्यामुळे सगळ्या छटांचे ठिपके होतात, गडद जागी मोठे आणि फिक्या जागी टाचणीच्या टोकाएवढे. हे ठिपके तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने खोदले की झाला ब्लॉक. तीन रंगांचे तीन ब्लॉक. एकाच कागदावर आधी पिवळा छापायचा, मग लाल, मग निळा. लांबून आपला डोळा ठिपके एकत्र करतो आणि चित्र दिसतं.

आता हे तीन ठसे एकमेकांवर केसभरही न हलता बसले पाहिजेत. याला छापखान्यात रजिस्टर म्हणतात, आणि ते सुटलं की काय होतं हे लग्नपत्रिका पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गणपतीच्या सोंडेचा शेंदरी रंग रेघेच्या बाहेर आलेला असतो, मुकुट डोक्यापासून दोराभर बाजूला. सांगलीच्या गावभागात पायाने चालवायच्या जुन्या ट्रेडल मशीनवर अशा पत्रिका निघायच्या. एक रंग छापून गठ्ठा वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. मध्ये रात्री पाऊस झाला की कागद ओल धरून किंचित वाढायचा, आणि सकाळी गणपती सरकलेला. माणूस तोच, मशीन तेच, चूक हवेची. दोन रंगांत ही तऱ्हा, तर तीन रंगांचे बारीक ठिपके जुळवणं काय असेल याचा अंदाज करा.

या पद्धतीत काळी शाई वेगळी नव्हती. काळा दिसायचा तो तिन्ही शाया एकावर एक बसून, आणि त्या काळच्या शाया काही शुद्ध नव्हत्या. लालमध्ये पिवळ्याची झाक, निळा थोडा मळकट. तिन्ही एकत्र आल्या की गडद चॉकलेटी चिखल. ताजा पोपटी, झळाळता जांभळा असले रंग तर मूळ चित्रात कितीही सुंदर असोत, छापून येताना मरून जायचे. आता रॅकहॅमचा रंगपेटारा परत बघा. मातकट तपकिरी, राखी, जुना पिवळा, एखाद्या टोपीपुरता फिका तांबडा. ज्या रंगांची छपाईत माती होते ते त्यांनी मूळ चित्रातच दूर ठेवले, आणि जी माती छपाई आपसूक देते तिचं धुकं केलं. वर पक्की रेघ असल्यामुळे रंग थोडा सरकला, थोडा विटला तरी चित्र मोडत नाही. समीक्षक याला त्यांचा उदास, जुनकट स्वभाव म्हणतात. असेलही. मला त्यात छापखान्याचा अभ्यास केलेल्या माणसाची चतुराई जास्त दिसते.

फळही मिळालं. १९०५मध्ये वीस वर्षं झोपून उठलेल्या माणसाच्या अमेरिकन गोष्टीचं पुस्तक ५१ रंगीत चित्रांसह आलं. पुढच्याच वर्षी, १९०६मध्ये, लंडनच्या केन्सिंग्टन बागेत राहणाऱ्या पीटर पॅनचं पुस्तक ५० चित्रांसह आलं, आणि रॅकहॅम घरोघरी पोचले. १९०७मध्ये टेनियलच्या त्या मुलीच्या गोष्टीवरचा ब्रिटनमधला हक्क संपला. रॅकहॅमनी तीही नव्याने रंगवली आणि लोकांचा राग ओढवून घेतला. टेनियलचीच चित्रं खरी, दुसऱ्याने हात का लावावा, असा सूर. लहानपणी पाहिलेल्या चित्राची जागा दुसऱ्याला द्यायला कुणीच तयार नसतं. 'चांदोबा'चा विक्रम-वेताळ दुसऱ्या कुणी काढलेला आपल्याला तरी कुठे चालतो?

ही पुस्तकं हातात घेतली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. मजकुराचा कागद जाड, मऊ, खरबरीत, आणि चित्राचा कागद गुळगुळीत, वेगळा, बऱ्याचदा जाड रंगीत पानावर एका कडेने चिकटवलेला, वर पातळ झिरझिरीत कागदाचं संरक्षण. हा थाट मुळात गरजेतून आला. बारीक ठिपके खरबरीत कागदावर बसत नाहीत, खळग्यांत हरवतात. त्यांना आर्ट पेपरच लागतो. म्हणून चित्रं वेगळी छापायची आणि पुस्तकात हाताने चिकटवायची. मग प्रकाशकांनी या गरजेचंच भांडवल केलं. नाताळात भेट द्यायची भारी पुस्तकं, त्यातही चित्रकाराच्या सहीच्या मोजक्या प्रती, आणि जोडीला मूळ चित्रांचं लंडनच्या लेस्टर गॅलरीत प्रदर्शन भरवून विक्री. एकाच चित्राचे तीनदा पैसे.

याच काळात, याच तिरंगी पद्धतीने बिएट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिका-चित्रकर्तीने वेगळा हिशेब मांडला. तिच्या खोडकर सशाची गोष्ट कुणी छापेना, तेव्हा तिने १९०१च्या डिसेंबरात स्वतःच्या पैशाने २५० प्रती काढल्या. १९०२मध्ये प्रकाशकाने तिची जलरंगातली चित्रं घेऊन ती रंगीत छापली. पुस्तक मुलाच्या पंजात मावेल एवढं, समोरासमोर एक चित्र आणि दोन-चार ओळी, किंमत एक शिलिंग. तिची चित्रं लहान, उजळ, कागद भरपूर मोकळा ठेवलेली. रेघही रॅकहॅमइतकी राज्य करत नाही. रॅकहॅमचं पुस्तक मुलांच्या नावाने विकत घेतलं जायचं आणि मोठ्यांच्या कपाटात जायचं, पॉटरचं मुलं फाडेपर्यंत वाचायची. चित्रकार म्हणून मला रॅकहॅम मोठे वाटतात, पण मुलांचं पुस्तक कसं असावं हे पॉटरला जास्त कळलं होतं.

आपल्याकडे याच सुमारास औंधात काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांचे बाळासाहेब, स्वतः चित्रकार होते. रामायणातले प्रसंग त्यांनी रंगवले आणि १९१६मध्ये 'चित्ररामायण' मुंबईतून छापून घेतलं. संस्थानिकाने पैसे देऊन चित्रं काढून घेणं नेहमीचंच, पण स्वतः काढून पुस्तक करणं विरळा. त्यांच्याच संस्थानातल्या किर्लोस्करवाडीला, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, १९२०मध्ये मासिक सुरू झालं आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्करही चित्रकला शिकलेले होते. नांगराच्या कारखान्याच्या गावात रंग आणि छपाई जाणणारा संपादक बसावा, हा योग औंध संस्थानातच जुळायचा. मूळ चित्र आणि छापील चित्र यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर औंधला यमाईच्या डोंगरावरच्या भवानी संग्रहालयात जा. १९३८चं हे संग्रहालय. तिथे रविवर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत. रविवर्म्यांच्या मूळ चित्रासमोर उभं राहून मग छापील लक्ष्मी आठवा. कारागिराने काय ठेवलं आणि काय गाळलं ते आपोआप कळतं.

मूळ चित्रांची आणखी एक दुखरी बाजू आहे. जलरंगातले काही रंग उजेडाने उडतात. पातळ थर, वर तेलाचं किंवा वार्निशचं पांघरूण नाही, त्यामुळे उजेड थेट कणांवर काम करतो. हे आपल्याला शिकवायला नको. हळदीचा डाग पडलेलं पांढरं कापड साबणाने निघत नाही, उन्हात वाळत घातलं की निघतं, कारण हळदीतला रंगाचा रेणूच उजेडाने मोडतो. जुने किरमिजी आणि तांबडे रंग असेच हळूहळू मोडतात. आधी गाल फिके पडतात, मग सांजवेळचं आकाश निळंकोरं होतं. म्हणून मोठी संग्रहालयं जलरंगाच्या चित्रांवर साधारण ५० लक्स, म्हणजे जेमतेम दिसेल इतकाच उजेड ठेवतात आणि थोडे महिने दाखवून ती परत अंधारात नेतात. यातून एक गंमत होते. भिंतीवर टांगलेलं मूळ चित्र विटतं, आणि शंभर वर्षं मिटलेल्या पुस्तकात राहिलेली त्याची छापील प्रत कधी कधी जास्त टवटवीत निघते.

अर्थात पुस्तक कोरडं राहिलं तर. आर्ट पेपरचा गुळगुळीतपणा म्हणजे कागदावर चढवलेला मातीचा किंवा खडूचा बारीक लेप आणि त्याला धरणारा चिकट पदार्थ. तो भिजला की सुटतो, आणि मिटलेल्या पुस्तकात तसाच वाळला की पानं एकमेकांना कायमची डकतात. २०१९च्या पुरानंतर सांगलीत हे घरोघरी दिसलं. साध्या कागदाच्या कादंबऱ्या फुगल्या, वाकड्या झाल्या, पण उघडल्या. गुळगुळीत चित्रांची पुस्तकं विटेसारखी झाली. असं पुस्तक पाण्यातून निघालं तर ते आधी वाळवायला ठेवू नये. ओलं असतानाच एकेक पान सावकाश सोडवून मध्ये शोषक कागद घालावा, आणि एवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावं. गोठलेलं पुस्तक चिकटत नाही, सवडीने सोडवता येतं.

रॅकहॅम १९३९च्या सप्टेंबरात गेले. शेवटचं काम नदीकाठच्या उंदीर-चिचुंद्रीच्या गोष्टीचं होतं. अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या लक्षात आलं की सहलीच्या चित्रात होडी आहे, वल्ही नाहीत. हट्टाने त्यांनी ती काढली. पुस्तक न्यूयॉर्कमधून १९४०मध्ये निघालं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आता इथे त्यांच्या चित्रांवर कुणाचाच हक्क उरलेला नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो, आणि ती मुदत केव्हाच उलटली, म्हणजे इथे ती कुणीही छापावीत. म्हणूनच ऑनलाइन डझनभर आवृत्त्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मी तरी घेऊ नका म्हणेन. मूळ चित्रं मिळवणं खर्चिक, म्हणून जुन्या छापील पानाचाच स्कॅन घेतात. त्यात जुने ठिपके असतातच, त्यावर नव्या छपाईचे ठिपके चढतात आणि दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यासारख्या लाटा चित्रभर उमटतात. त्या लपवायला चित्र धूसर करायचं, मग धूसरपणा लपवायला काळा गडद करायचा आणि रंग भडक. माझ्याकडे आलेल्या अशा एका प्रतीत झाडाच्या सालीचं डांबर झालंय आणि परीला कावीळ. विकत घेण्याआधी आतल्या पानाचा फोटो मोठा करून बघा. फांदीच्या टोकाच्या बारीक रेघा तुटल्याशिवाय दिसतायत का आणि पांढऱ्या जागा नुसत्या भगभगीत न होता थोड्या कागदी, साईसारख्या राहिल्यात का, एवढं तपासलं तरी पैसे वाया जात नाहीत. मुखपृष्ठावरून ठरवू नका, ते सगळेच चांगलं छापतात.